कागदं गोळा करनारी मालकीन

आमच्या मालकिनीला अख्खी गल्ली येडी म्हनायची. तिच्या तोंडावर म्हनायची, आन् ती वळून बी बघायची न्हाई. मी तिच्या खोलीत चार वर्सं भाड्यानं ऱ्हायले. माझं तिच्याशी दोनदा कडाक्याचं भांडन झालं, एकदा तिनं माझं बिड्या वळायचं सूप उचलून रस्त्यात नेऊन ठिवलं. पन येडी मी तिला कवा म्हनलं न्हाई. तिचं नाव सांगत न्हाई. तिला आवडलं नसतं. कुनी नाव इचारलं की म्हनायची, "कशाला पायजे? पत्र टाकनार हायेस का मला?"

उंच, वाळकी बाई. नऊवारी पातळाचा काष्टा असा घट्ट, जनू आत्ता भांडायला निघाली. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख तेवढं वाढवलेलं, बाकी नखं कापलेली. त्या नखानं ती कागदाची घडी दाबायची. एकदा नख फिरलं की ती रेघ कागद फाटंस्तवर जायची न्हाई.

आमी संगमनेरात आलो ते बहात्तरच्या दुष्काळात. आमचं गाव पाथर्डीच्या अंगाला. हिरीच्या तळाला दगडं दिसायला लागली तवा जनावरं सोडून दिली, मंग पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली. रेशनवर आलेल्या लाल मिलोच्या, त्या परदेशी जोंधळ्याच्या भाकरी खाल्ल्या. त्या भाकरीला चव नसायची आन् ती पोटात दगडावानी बसायची, पन बसायची ह्येच लई हुतं. माझी पोरगी कामावर दगडाच्या आडोशाला बसून ऱ्हायची. रडायची न्हाई. रडायला बी अंगात कायतरी लागतं. मंग नवऱ्याला संगमनेरच्या बाजारात हमाली मिळाली आन् आमी एक पत्र्याची पेटी, एक घोंगडं आन् पोरगी घिऊन आलो.

खोली बघायला गेलो तवा मालकिनीनं माझ्याकडं बघितलं न्हाई, नवऱ्याकडं बघितलं न्हाई. पोरीकडं बघितलं. तिचा हात हातात घेतला, बोटं उलटीपालटी करून बघितली, जसा बैलाचा दात बघत्यात. आन् म्हनली, "ऱ्हावा."

तिची अट एकच हुती. घरात आलेला कागद जाळायचा न्हाई, फेकायचा न्हाई, चुलीला लावायचा न्हाई. तिला द्यायचा.

तिच्या बापाचं बायंडिंगचं दुकान हुतं. यापाऱ्यांच्या चोपड्या बांधायचा. पोरगी लहानपनापासून त्याच्या मांडीशी बसून कागद मोजून, खळ लावून मोठी झाली. लगीन झालं, नवऱ्यानं दोन वर्सांत टाकली. का टाकली ते तिनं एकदाच सांगितलं. "त्याच्या घरात एक कागद नव्हता. मी पंचांगाची पानं फाडून जावंच्या पोरांना चिमन्या करून दिल्या. सासरा म्हनला, अमावस्या कवा हाय ते आता चिमनीला इचार." ती परत बापाच्या घरी आली. बाप मेला, दुकान गेलं, घर ऱ्हायलं. आन् कागद ऱ्हायला.

कागदासाठी ती काय करंल ह्याचा नेम नसायचा. वान्याकडं गेली की पावशेर शेंगदाने तीन पुड्यांत मागायची. वानी चिडायचा. ती म्हनायची, "एका पुडीत घातले तर मला एकच कागद मिळतो. तुझे दाने काय मला गोड लागत्यात व्हय?" कवा कवा तर वान्याच्या रद्दीत एखादं चांगलं पान दिसलं की बोट दाखवायची, "त्यात बांध." वानी म्हनायचा, "काय बांधू?" म्हनायची, "काय बी बांध."

इलेक्शनच्या टायमाला तर तिची दिवाळी. सकाळच्याला किटलीत पानी उकळून न्यायची आन् भिंतीवरच्या जाहिरातींना वाफ देऊन देऊन अख्ख्या काढायची, कोपरा बी फाटू द्यायची न्हाई. दोन्ही पार्ट्यांची मानसं घरी आली. ह्ये म्हनले तू त्यांची, ते म्हनले तू ह्यांची. ती दारात उभी ऱ्हाऊन म्हनली, "तुमचा कागद जाड, त्याच्या टोप्या व्हत्यात. त्यांचा पातळ, त्याची भिरभिरी व्हत्यात. मला दोन्ही लागत्यात. अजून लावा." ती मानसं एकमेकाकडं बघून हसायला लागली. त्या दिवसापस्तोर ती एकमेकाशी बोलत नव्हती.

फुडच्या आळीत एक भटजी ऱ्हायचे. ते एकदा थांबले, म्हनले, "बाई, अक्षर असलेला कागद म्हणजे सरस्वती. पोरं पायाखाली तुडवतात, पाप लागेल." आमी बायका तर कागदाला पाय लागला तर लगेच हात लावून कपाळाला लावनाऱ्या. मी मनात म्हनलं, आता काय बोलंल. ती म्हनली, "सरस्वतीला काय कपाटात बसून ऱ्हायची हौस हाय का भटजीबुवा? पोरांच्या हातात आली तर बिघडलं काय तिचं?" भटजी गेले. दुसऱ्या दिशी त्यांनी जुन्या लग्नपत्रिकांची थप्पी पोरासंगं पाठवून दिली. ती मालकिनीनं घेतली, पन पाठीमागनं म्हनली, "गुलाबी कागद लई लवकर उडतो. पांढऱ्या पत्रिका न्हवत्या का?"

दुपारच्याला तिच्या पडवीत आळीची बारकी पोरं जमायची. आमी बायका बिड्या वळायच्या, पोरं तिच्याकडं. कुनी तिला सांगितलं नव्हतं, कुनी तिला कायबी देत नव्हतं. पोरांना ती कात्री द्यायची न्हाई. म्हनायची, "नख असतं ना. देवानं कात्री अंगालाच लावून दिलीया." कागद कसा फाडायचा ह्ये ती आधी शिकवायची. कागदाला बी कल असतो, म्हनायची. उभा फाडला तर सरळ जातो, आडवा फाडला तर वाकडातिकडा पळतो. मला पटलं न्हाई तर तिनं वर्तमानपत्राचं पान माझ्या हातात दिलं. उभं फाडलं तर सुतासारखं गेलं. आडवं फाडलं तर म्हशीवानी रानात. इतकी वर्सं पुड्या सोडल्या, मला कवा कळलं न्हाई.

शिळ्या भाताची न्हाईतर कनकीची खळ करायची. पट्ट्या फाडून कड्यात कडं अडकवून माळ. बाभळीचा काटा घालून भिरभिरं. गोल कागद गोगलगाईवानी फाडत आत न्यायचा, त्याचा साप, तो दोऱ्यानं चुलीच्या वर टांगायचा. चुलीची ऊब लागली की साप आपोआप गोल फिरायचा. पोरं तोंड उघडं टाकून बघायची. माझी पोरगी पहिल्यांदा हसली ती त्या सापाकडं बघून. दोन वर्सांत मी तिचे दात बघितले नव्हते.

पन एक तिचं लई वाईट हुतं. दिवस मावळायला आला की सगळं मोडायचं. होडी, टोपी, बेडूक, काय केलं असंल ते. पोरांनी आपापल्या हातानं उलगडायचं, मांडीवर चोळून सरळ करायचं आन् तिच्या गादीखाली ठिवायचं. उद्या परत त्याच कागदाचं दुसरं. घरी कायबी न्यायचं न्हाई. पोरं भोकाड पसरायची. आया येऊन शिव्या द्यायच्या. एक बाई म्हनली, "एवढुसा कागद दिला न्हाई लेकराला, मेल्यावर बरूबर घिऊन जानार हायेस का?" ती शांतपनानं म्हनली, "तू घरी न्हेशील, उद्या चुलीत घालशील. माझ्याकडं तो रोज वेगळा जलम घेतो." तिच्या गादीखालच्या कागदांना इतक्या रेघा पडल्या हुत्या, म्हाताऱ्या मानसाच्या तळहातावानी.

आता मी माझ्या चुकीचं सांगते.

दुष्काळाच्या दुसऱ्या सालचा पाऊस पडला, साळा सुरू झाल्या, आन् आळीतल्या बायका पोरं घिऊन साळंत निघाल्या. मी बी गेले. हेडगुरुजी टेबलापाशी बसल्याले. त्या वक्ताला जन्माचे दाखले कुनाकडं असायचे न्हाईत. पोराला उभं करायचं, उजवा हात डोक्यावरनं पलीकडं न्यायचा, बोटं डाव्या कानाला लागली तर पोर साळंच्या वयाचं झालं. न्हाई लागली तर फुडच्या सालाला या.

गुरुजींनी इचारलं, "किती वर्षांची?"

मी म्हनलं, "पाच."

पोरगी सातची हुती. मला ठाऊक हुतं. मी खोटं बोलले.

तिच्या आधी मला एक ल्योक झाला हुता. गुटगुटीत. गावाकडं हिरीवर एका बाईनं इचारलं, केवढ्याचा झाला, आन् मी कौतिकानं, छाती फुगवून सांगितलं, तीन पुरी झाली, चवथं लागलं. त्या आठवड्यात त्याला हगवन लागली आन् दुसऱ्या आठवड्यात तो गेला. सासू म्हनली, लेकराचं खरं वय भाईरच्याला सांगायचं नसतं, दृष्ट लागती, तुला कुनी शिकिवलं न्हाई का? म्हनून पोरीचं वय मी जलमापासनं कुनाला खरं सांगितलं न्हाई. चारची असताना तीन. सातची असताना पाच. कवाबी कमीच.

गुरुजींनी तिचा हात डोक्यावरनं नेला. बोटं कानाच्या वर दोन बोटं थांबली. दुष्काळात हाडं वाढली न्हाईत तिची. गुरुजी म्हनले, "बरोबर आहे, पाचची आहे. पुढच्या वर्षी आणा." मी मान हलवली आन् घरी आले. घरी येताना मला दुःख झालं न्हाई, खरं सांगते. हायसं वाटलं. दृष्ट लागली न्हाई.

नवरा म्हनला, मंग तिला बसव बिडीला. आळीत सगळ्या पोरी बसायच्या. आमी वळायचो, बारक्या पोरी बिडीचं तोंड मुडपायच्या, बोटं बारीक असत्यात, जमतं. बिडी कारखान्याच्या मुकादमाची बायको तर म्हनायची, बारक्या बोटाची बिडी तपासनारा चेकर छाटत न्हाई. मी बसवली. पन मालकिनीला कळू द्यायचं न्हाई, म्हनून सकाळच्याला दार लावून. कारन तिचा एक हेका हुता, माझ्या घरात बारक्या पोराच्या बोटाला तंबाखू लागनार न्हाई. मला तिचा राग यायचा. तिला एकटीला काय जातंय, म्हनायचे मी मनात. तिच्या अंगावर लेकरू न्हाई. कागदाला भूक लागत न्हाई.

आठ-पंधरा दिस गेले. एका दुपारी मालकिनीनं पोरीला पडवीतनं हाताला धरून आनलं आन् माझ्या फुड्यात उभं केलं. पोरीच्या हातात कागदाची होडी. साधी न्हाई, दोन नाळांची, म्हंजी दोन तोंडांची, ती करताना एकदा सगळी घडी उलटी करून आतली बाजू भाईर काढावी लागती. होडीला तपकिरी डाग पडल्याले.

मालकिनीनं होडी नाकाला लावली. "ह्यो जर्दा हाय."

मी सूप मागं सारलं.

"ते मागनं बघू. आधी मला ह्ये सांग, ही किती वर्साची हाय?"

"पाच."

"खोटं बोलतीस."

मी म्हनलं, माझी पोरगी हाय, मला ठाऊक. ती खाली बसली. मंग तिनं मला सांगितलं ते असं. चाळीस वर्सं ती पोरांच्या हातात कागद देत आली. दोन वर्साचं पोर कागद चुरगाळतं. तीनचं फाडतं. चारचं खळ लावतं आन् निम्मी खातं. पाचचं घडी घालतं, पन टोकाला टोक जुळत न्हाई. सहाचं धरून दिलं तर होडी करतं. पन घडी उलटी करायला पाचच्या पोराला दिली तर ते फाडून टाकतं, कारन आत बी एक बाजू असती ह्येच त्याला कळत न्हाई. ते सात वर्साला कळतं. हिला एकदा दाखवलं, आन् हिनं केली.

"अंग पाचचं असंल," ती म्हनली, "हात सातचा हाय. कुनाला फसवतीस? मला का साळंला?"

तवा मी सांगितलं. ल्योकाचं, हिरीचं, सासूचं. तोपस्तोर मी त्या गावात कुनाला ल्योकाचं सांगितलं नव्हतं. मला वाटलं, बाईमानूस हाय, जवळ घिईल, न्हाईतर डोळ्याला पदर लावंल. तिनं त्यातलं कायबी केलं न्हाई. ती म्हनली, "त्याला हगवन लागली ती पान्यानं. हिरीचं पानी उकळून पाजलं असतंस तर तो जगला असता. आन् हिला जी लागलीया ती दृष्ट तुझी हाय."

मी उठले. मला असं कुनी बोललं नव्हतं. मी म्हनलं, "तुला लेकरू झालं न्हाई, तू मला शिकवू नगस." ती बी उठली. माझं बिडीचं सूप, तंबाखूसकट, पानासकट उचललं आन् रस्त्याच्या मधी नेऊन ठिवलं. म्हनली, उद्या सकाळी पोरगी साळंत, न्हाईतर तुमी दुसरीकडं. आळी बघत हुती. मी सूप परत आनलं. तंबाखू वाऱ्यानं उडाला, तो परत मिळनार नव्हता.

त्या दिशी संध्याकाळी नवरा म्हनला, खोली बदलू. मी म्हनलं, बदलू. पन सकाळी ती दारात उभी. पातळ नेसून, काखंत कागदांची गठडी. माझ्याशी बोलली न्हाई. पोरीचा हात धरला आन् चालायला लागली. मला मागनं पळावं लागलं.

साळंत हेडगुरुजींनी ओळखलं. म्हनले, परवाच तर सांगितलं, पुढच्या वर्षी. आन् मला इचारलं, "आता काय झालं? वय किती म्हणालात?"

मालकिनीनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. मला वाटलं ती सांगंल. ती सांगायला घाबरनारी न्हवं. पन ती गुरुजींना म्हनली, "मी कोन न्हाई हिची. आई ही हाय. ही सांगंल." आन् मागं सरकली.

सात म्हनायला जीभ उचलंना. तीन अक्षरं बी न्हाईत त्यात. मला ल्योकाचं तोंड दिसाया लागलं. मी म्हनलं, "पाच." गुरुजींनी हात जोडले, बाई, मला कामं आहेत.

मला वाटलं आता घरी जायचं. मालकीन साळंच्या पायरीवर बसली. पोरीला बसवलं. गठडी सोडली. म्हनली, "तुझं तोंड उघडंस्तवर आमी हितं."

दिवसभर बसल्या दोघी. पोरीनं टोप्या केल्या, बेडूक केले. वर्गातली पोरं खिडकीतनं बघायला लागली, मास्तरच्या फळ्याकडं बघायला कुनी उरलं न्हाई. गुरुजी भाईर आले, म्हनले, बाई, शाळा चालू आहे. ती म्हनली, "चालू द्या की. आमी कुठं बंद केली?" माझी त्या दिशीची बिडी बुडाली. दुसऱ्या दिशी बी तेच. नवरा कावला. मुकादमानं निरोप धाडला, पानं वाळून चालली. मी पायरीच्या खाली लिंबाच्या झाडाखाली उभी. वर जायची, परत खाली यायची. मालकीन माझ्याकडं बघायची बी न्हाई. पोरगी मातुर बघायची. होडी करायची आन् माझ्याकडं बघायची, जसं म्हननार, आये, ह्ये बघ, उलटी झाली.

तिसऱ्या दिशी मी गेले. कशानं गेले ते मला आजबी सांगता येत न्हाई. कुनी धीर दिला न्हाई, कुनी समजूत घातली न्हाई. पाय दुखत हुते एवढं आठवतंय. टेबलाफुडं उभी ऱ्हायले आन् म्हनलं, "गुरुजी, मी खोटं बोलले. ती सातची हाय."

गुरुजींनी चष्मा काढला. "मागं दोनदा पाच सांगितलंत."

"दोनदा खोटं बोलले. हिच्या आधीचं माझं लेकरू वय सांगितल्यावर गेलं. म्हनून हिचं कवा खरं सांगितलं न्हाई. पासष्टला पाकिस्तानची लढाई झाली त्याच्या फुडच्या उन्हाळ्यात ही झाली. मोजून बघा. आन् हिचा हात कानाला लागत न्हाई तो वयानं न्हाई. दोन वर्सं हिनं मिलो खाल्ला. तुमचं पोर त्या मिलोवर ठिवलं असतं तर त्याचा बी लागला नसता."

मी एवढं बोलले. मी आयुष्यात कुनाफुडं इतकं बोलले नव्हते.

गुरुजी बोटांवर मोजायला लागले. मोजून झालं तरी म्हनले, पण हात पोचत नाही हो, नियम आहे. तवा मालकीन आत आली. टेबलावर एक छापील कागद पडला हुता, तिनं तो उचलला, अंगठा-बोटात धरून कडक हाय का बघितला आन् पोरीच्या हातात दिला. गुरुजी म्हनले, "अहो, परिपत्रक आहे ते. सरकारी कागद आहे."

"म्हनून तर दिला," मालकीन म्हनली. "जाड हाय."

पोरगी खाली बसली. घडी घातली, टोकाला टोक लावलं, नख फिरवलं. परत घडी. गुरुजी उठून टेबलावरनं वाकून बघायला लागले. उलटवायची येळ आली तवा मी फुडं सरकले, कारन नवा कागद कडक हुता, फाटला असता. पोरीनं जीभ भाईर काढली, सावकाश दोन्ही अंगठे आत घातले आन् आतली बाजू भाईर काढली. दोन नाळांची होडी गुरुजींच्या टेबलावर ठिवली.

मालकीन म्हनली, "तुमच्या पहिलीतल्या पोरांना बोलवा. ह्ये ज्याला येतंय त्याला ठिवा, बाकीची घरी धाडा. हाय कबूल?"

गुरुजींनी होडी उचलून दोन्ही बाजूंनी बघितली, परत टेबलावर ठिवली. मंग वही उघडली आन् म्हनले, जन्मतारीख एक जून लिहितो. मी म्हनलं, एक जूनची न्हाई ती, आखाजीच्या सणाआधी झाली. गुरुजी म्हनले, तारीख माहीत नसली की सगळ्यांचीच एक जून लिहितात. मालकीन म्हनली, "मंग सगळ्यांची आई बी एकच लिवा." गुरुजी हसले न्हाईत, पन त्यांच्या मिशा हलल्या. साल त्यांनी खरं लिवलं. मी उभी ऱ्हाऊन लिवताना बघितलं. मला वाचता येत न्हाई, पन हात कुठं थांबतो ते कळतं.

पोरीनं होडी उचलली आन् मोडायला घेतली, रोजच्यावानी. गुरुजींनी ती तिच्या हातातनं काढून घेतली. म्हनले, राहू दे.

फुडचं सांगून टाकते, लोकं इचारत्यात म्हनून. पोरगी दहावीपस्तोर शिकली, मंग नर्सबाईचं शिकली, दवाखान्यात तीस वर्सं नोकरी केली. आता साठीला टेकली, गुडघे दुखत्यात तिचे. हात आखूडच ऱ्हायला, वरच्या फळीवरचं सामान आजबी स्टुलावर चढून काढती. बिडीला मी तिला परत बसवलं न्हाई. माझी बिडी कमी भरायला लागली, आमी एक येळ कमी जेवलो. जेवलो. मालकीन त्याच्यानंतर बी दोन वर्सं माझ्याशी तुटक बोलायची. सूप रस्त्यावर ठिवल्याबद्दल तिनं कवा माफी मागितली न्हाई, आन् मी तिला लेकरू न्हाई म्हनले त्याबद्दल मी बी न्हाई मागितली. भाडं द्यायला गेले की कागद मागायची.

पन मला त्या दिवसाचं सांगायचंय. साळंतनं निघालो, पोरगी वर्गातच बसली. आमी दोघी परत येत हुतो, ती फुडं, मी मागं. मनात चाललं हुतं, घरी गेल्या गेल्या मीठ-मोहऱ्या उतरून टाकू, काळा दोरा बांधू. आळीच्या नळावर बायका हंडे घिऊन उभ्या. समोरच्या घरातली बाई, तिला सगळ्यांच्या चौकशा, ती म्हनली, "काय गं, तीन दिस झाले बिडी न्हाई, काय न्हाई. घातली का साळंत? केवढ्याची झाली गं तुझी पोरगी?"

नळापाशी धा-बारा बायका. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हनलं, "सात."

"आं?" बाई म्हनली. "पानी वाहतंय, ऐकू आलं न्हाई."

फुडं चाललेली मालकीन थांबली. वळली न्हाई. माझ्याकडं पाठ करूनच म्हनली, "मोठ्यानं."

मी डोक्यावरचा पदर मागं सारला आन् बोलले. "सात पुरी झाली. आठवं लागलं."